मानेतली शांतता

११ सप्टेंबर

आज पाद्री स्पासोये माझ्या टेबलावर बेशुद्ध पडले आणि माझं आयुष्य मार्गी लागलं.

आले होते थायरॉइडची गाठ दाखवायला. गाठ फालतू निघाली. पण मानेवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवलेलाच होता, म्हणून सवयीने बाजूला सरकलो. मेंदूकडे जाणारी मोठी धमनी आणि तिच्या शेजारची शीर यांच्या बेचक्यात एक काळा ठिपका दिसतो, तिळाएवढा. ती व्हेगस, भटकी नस. मेंदूतून निघून हृदय, पोट, आतडी असं सगळं गाव हिंडून येते. इतर रेडिओलॉजिस्ट तिला ओलांडून पुढे जातात. मी थांबतो. हृदयाचा ब्रेक तीच. माझा सिद्धांत सोपा आहे: ब्रेक जितका जाड, तितका माणूस शांत. दोन वर्षं हे सांगतोय आणि निश शहरातल्या या रुग्णालयात एकानेही मान वर करून ऐकलेलं नाही.

ठिपका नीट दिसेना, म्हणून जरा वर सरकून जोर दिला. पाद्रीबाबांचे ठोके ऐंशीवरून पन्नासवर आले, मग चौतीसवर, मग त्यांनी डोळे फिरवले. सिस्टर झ्वेझ्दाना किंचाळली. पाय वर धरले, तोंडावर पाणी मारलं. शुद्धीवर येताच बाबा म्हणाले, “डॉक्टर, इतकं निवांत मला दीक्षा घेतल्यापासून वाटलं नव्हतं.”

हे वाक्य मी लिहून ठेवतोय, कारण अशीच वाक्यं पुढे पुस्तकांत जातात.

आरडाओरडा ऐकून स्तामेंका धावत आली. ती कार्डिऑलॉजीची प्रमुख, माझ्याच वर्गातली. “अरे गाढवा, तू त्यांचा गळा दाबलास! धमनीच्या फाट्यावर दाबलं की कुणाचंही हृदय मंदावतं. यात नसेची जाडी कुठून आली? हा तुझ्या हाताचा जोर आहे.”

कार्डिऑलॉजीवाल्यांना मत्सराची बाधा जुनीच.

१४ सप्टेंबर

छोटं मशीन घरी आणलं. यागोदा बाल्कनीत मिरच्या भाजत होती, सगळ्या इमारतीतून तोच धूर. म्हटलं, “दोन मिनिटं आडवी हो.” ती म्हणाली, “लग्नाच्या सव्विसाव्या वर्षी हे सुचलं, तेही जेल हातात घेऊन?”

तिची नस मध्यम. माझी स्वतःची मोजायला आरसा लागला, पण आकडा सुंदर: दोन पूर्णांक चार चौरस मिलिमीटर. मग सासूबाई पेर्सिदा म्हणाल्या, “माझी बघ की रे जावई, मेल्यावर बघणार का?” त्यांची निघाली दोन पूर्णांक सहा! ज्या बाई रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याशी भांडतात आणि शेजारणीशी एकोणीस वर्षं बोलत नाहीत, त्यांची! तीनदा मोजली. वयोमानाने ऊतींत सूज असावी. हा आकडा अभ्यासातून वगळतो आहे. अपवादांनी सिद्धांत बिघडू द्यायचे नसतात.

“म्हणजे मी तुझ्याहून शांत?” सासूबाईंनी विचारलं.

मी मशीन बंद केलं. यागोदा म्हणते, आपटलं. आपटलं नाही, बंद केलं.

२० सप्टेंबर

डायरेक्टरांनी बोलावलं! प्रोफेसर तिहोमिर यांच्या खोलीत मी गेल्या चार वर्षांत फक्त ओरडा खायला गेलो होतो.

प्रकरण असं. गेल्या महिन्यातल्या बैठकीत प्रोफेसरांनी बुरेकचा, म्हणजे मांस भरलेल्या तेलकट पापुद्र्यांचा, अख्खा ट्रे भांडारप्रमुखाच्या अंगावर फेकला. कुणीतरी ते फोनवर चित्रित केलं. आता बेलग्रेडला मंत्रालयात मोठ्या पदासाठी त्यांचं नाव पुढे आहे आणि तिथे सगळे हाच बुरेक पाहून हसतायत. वरून कुणीतरी म्हणालं, “माणूस कामाचा आहे, पण नसा ठीक नाहीत.”

“नसा!” प्रोफेसरांनी टेबलावर मूठ आपटली. “तू त्याच मोजतोस ना रे?”

“एकच मोजतो, प्रोफेसर. पण ती महत्त्वाची आहे.”

“पाद्रीला तू शांत केलंस म्हणे.”

“शास्त्राने केलं,” मी म्हणालो. मला वाटतं हे फार नेमकं उत्तर होतं.

“मग माझी मोज. आणि कागदावर लिहून दे की मी शांत आहे. नाहीतर,” ते पुन्हा ओरडले, “या इमारतीत एकालाही शांतपणे बसू देणार नाही!”

मोठ्या माणसांची ऊर्जा वेगळीच.

२३ सप्टेंबर

मोजणी झाली. मला आज जरा बारकाईने लिहायला हवं, कारण मन थोडं अस्वस्थ आहे. अस्वस्थ हा शब्द मोठा झाला. विचारमग्न आहे.

प्रोफेसर पाण्याची मोठी बाटली घेऊन आले, ती संपवली, दुसरी मागवली. मोजणीच्या आधी एकदा आणि मध्येच एकदा लघवीला जाऊन आले. पाण्याच्या बाबतीत त्यांची शिस्त वाखाणण्यासारखी आहे. टेबलावर चढताना सिस्टरने त्यांच्या बुटाच्या तळाकडे बोट दाखवलं. फलकाला लावायची टाचणी तळातून आरपार पायात घुसलेली; बूट काढला तर मोजा रक्ताने भिजलेला. “कधी लागली, कळलंच नाही,” ते हसले. केवढी सहनशक्ती!

नस शोधायला वेळ लागला. शेवटी सापडली. एक पूर्णांक एक. काठ विरलेले, जुन्या सुतळीसारखे. दुसऱ्या बाजूची त्याहून बारीक.

मग श्वासाची चाचणी. साधा नियम आहे: श्वास आत घेतला की ठोके वाढतात, सोडला की कमी होतात. हे वरखाली होणं म्हणजे ब्रेक काम करतोय. प्रोफेसरांनी श्वास घेतला: शहाण्णव. सोडला: शहाण्णव. पुन्हा घेतला, गालफडं फुगवून धरला, भसकन सोडला: शहाण्णव. पुस्तकात याला चांगलं म्हणत नाहीत. पण पुस्तकं सर्वसामान्यांवर लिहिलेली असतात. कसोटीच्या क्षणी ज्याचं हृदय एका ठोक्यानेही ढळत नाही, त्याला आपण अढळ म्हणत नाही का?

“काय रे, गप्प का?” प्रोफेसरांनी विचारलं.

“सुबक नस आहे, प्रोफेसर.”

“सुबक म्हणजे मोठी ना?”

आता नसेभोवती एक पांढरट आवरण असतं, आवरणाभोवती चरबी असते. रेषा नेमकी कुठे ओढायची हा प्रत्येकाच्या वैचारिक भूमिकेचा प्रश्न आहे. मी जरा उदार भूमिका घेतली. दोन पूर्णांक सात भरली.

प्रोफेसरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेत माझी प्राध्यापकी होती, हे मला स्पष्ट जाणवलं.

४ ऑक्टोबर

कागद बेलग्रेडला पोचला आणि तिथे आवडला. इतका आवडला की प्रोफेसरांनी रुग्णालयात शांतता समिती नेमली आहे. अध्यक्ष: मी. यापुढे प्रत्येक विभागप्रमुखाची मान तपासली जाईल. जाड नसेवाले राहतील, बारीक नसेवाल्यांचा विचार होईल.

माझ्या खोलीबाहेर रांग लागते. जे सर्जन मला जिन्यात ओळख देत नसत, ते कॉलरची बटणं काढून उभे असतात. अस्थिरोग विभागाचा ग्रादिमिर घरी गाळलेल्या प्लमच्या दारूची, राकियाची, बाटली ठेवून गेला. त्याची नस दोन पूर्णांक पाच. बाटलीआधी मोजली होती की नंतर, आठवत नाही.

स्तामेंका आली ती दार ढकलूनच. “घे, मोज,” म्हणाली. तिची एक पूर्णांक सहा आली. आतून, काटेकोर मोजली. मित्र म्हणून सवलत दिली असा आरोप मला नको होता.

ती उठून गळ्यावरचं जेल पुसत होती, तेवढ्यात पडद्यावरच्या यादीत प्रोफेसरांचं नाव तिला दिसलं. मी अडवायच्या आत तिने चित्र उघडलं. मग मोठं केलं.

“ही बाहेरची रेषा कुणी ओढली?”

“ती भूमिका आहे.”

“श्वासाचा आलेख दाखव.” मी दाखवला. ती खुर्चीत बसली. “वुकाशिन, या माणसाची साखर तपासली आहे का कुणी?”

“तो शांततेसाठी आला होता, साखरेसाठी नाही.”

“ही शांतता नाही रे, तार तुटली आहे! वर्षानुवर्षं साखर अंगात मुरली की नसा अशा खाल्ल्या जातात. ठोके हलत नाहीत कारण हलवणारंच उरलेलं नाही. अशा माणसाला उद्या हार्ट अटॅक आला तर छातीत दुखणारही नाही, कळतंय? बसल्या बसल्या जाईल. आजच्या आज सांग त्याला.”

“सांगतो,” मी म्हणालो.

५ ऑक्टोबर

सांगायला निघालो होतो. पण सांगायचं म्हणजे आधी रेषेबद्दल सांगायला लागेल. रेषेबद्दल सांगितलं की कागद खोटा पडेल, कागद खोटा पडला की बेलग्रेडमध्ये त्यांचं हसं होईल आणि इतक्या मानसिक ताणाने त्यांच्या प्रकृतीला अपाय होईल. डॉक्टर म्हणून मी तो धोका पत्करू शकत नाही.

शिवाय स्तामेंकाला सगळीकडे हृदयविकारच दिसतो. तिचा तो धंदाच आहे.

यागोदाने विचारलं, “जेवत का नाहीस?” समोर बुरेक तसाच निवत होता. म्हटलं, मी विचारमग्न आहे.

१५ ऑक्टोबर

स्तामेंका स्वतःच प्रोफेसरांकडे गेली. आवाज तिसऱ्या मजल्यावर ऐकू आला, म्हणजे अर्थातच प्रोफेसरांचा.

“मला साखर? मला? हे बघ काय लिहिलंय: असामान्य स्थैर्य! तुझी स्वतःची नस दोऱ्याएवढी, म्हणून तू दुसऱ्यांच्या माना मोजतेस?”

दुपारी सूचना लागली. कार्डिऑलॉजीची जबाबदारी तात्पुरती ग्रादिमिरकडे. तो गुडघे बदलतो. हृदयाबद्दल त्याला जे माहीत आहे ते प्रेमगीतांतून. पण दोन पूर्णांक पाच म्हणजे दोन पूर्णांक पाच.

स्तामेंका जिन्यात भेटली. हातात खोक्यात तिचे कप, तिचा स्टेथोस्कोप आणि कुंडीतलं कोरफडीचं रोप. मला वाटलं शिव्या देईल. म्हणाली, “तू सांगितलंस का त्याला?”

“योग्य वेळ बघतोय.”

“बघ,” ती म्हणाली आणि उतरून गेली. असल्या बोलण्याने माणसाला उगाच छातीत धडधडतं. जिना चढल्यामुळे असावं. मी उभाच होतो, तरी.

२८ ऑक्टोबर

प्राध्यापकीची शिफारस झाली. नवा सूट शिवायला टाकला. ग्रादिमिरने त्याचं शांतता प्रमाणपत्र सोनेरी चौकटीत लावलं आहे, पायांच्या एक्स-रेच्या शेजारी. सासूबाई मला आता ‘श्रीमान शांतता’ म्हणतात. घरात माझ्या कार्याबद्दल आदर नाही, पण तो कुणाच्या घरात असतो?

८ नोव्हेंबर



आज संत दिमित्रीचा दिवस, प्रोफेसरांच्या घराण्याचा संत. त्यांच्याकडे स्लावा होती, म्हणजे त्या संताचा घरगुती सण. स्लावाला कुणी कुणाला बोलावत नसतं, ज्याला यायचं तो येतो, म्हणून अख्खं रुग्णालय आलं होतं. मंत्रालयातले दोन गृहस्थही होते. मेणबत्ती लागली, पाद्री स्पासोये यांनी पाव फिरवला. मी दिसताच त्यांनी कॉलर वर केली. प्रोफेसरांनी साखरेत घोळलेले गहू वाडगाभर खाल्ले, मग अक्रोडाचा केक, मग आणखी केक.

त्यांचा रंग राखेसारखा झाला होता. कपाळावरून घाम गळत होता. बाहेर हिवाळा, खोलीत शेगडी, म्हटलं गरम होत असेल. मंत्रालयातला एक जण म्हणाला, “प्रोफेसर, बरं वाटतंय ना?”

“उत्तम! जरा मळमळतंय, केकमुळे.”

“छातीत काही?”

“काही नाही. विचारा याला,” त्यांनी माझ्याकडे बोट केलं, “देशातली सर्वांत शांत छाती!”

सगळे हसले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. मला सगळं माहीत होतं: घाम, मळमळ, न दुखणारी छाती. स्तामेंकाने एकेक शब्द सांगितला होता. मी म्हणालो, “असामान्य स्थैर्य.”

प्रोफेसर खाली बसले. खुर्ची मागे नव्हती.

लोक माझ्याकडे वळले. ग्रादिमिर त्यांचा गुडघा धरून बसला, दुसरं काय करावं त्याला सुचेना. आणि दारातून कोट न काढताच स्तामेंका आत आली. पदावरून काढलेली बाई, तिला यायचं काही कारण नव्हतं. ती आली, कारण ही स्लावा होती. फरशीवर बसून तिने मनगट धरलं आणि म्हणाली, “हार्ट अटॅक आहे. रुग्णवाहिका बोलवा. वुकाशिन, ॲस्पिरिन! पर्समध्ये आहे. पळ!”

मी पळालो. एवढंच आज मी केलं.

१० नोव्हेंबर

प्रोफेसर वाचले. बंद झालेली धमनी स्तामेंकाने स्वतः उघडली. ग्रादिमिरने तिला किल्ल्या दिल्या, कार्डिऑलॉजीचा प्रभारी म्हणून त्याचा हा पहिलाच निर्णय. रक्तातली साखर इतकी की यंत्राने आधी आकडा दाखवायलाच नकार दिला.

बाहेरच्या बाकावर प्रोफेसरांच्या पत्नी रुझित्सा बसल्या होत्या. मला वाटलं, सांत्वन करावं.

“डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “उन्हाळ्यापासून मी मागे लागले होते त्यांच्या, तपासून घ्या म्हणून. ऑक्टोबरची वेळही घेतली होती, बेलग्रेडला. मग तुमचा कागद आला. मला फ्रिजवर चिकटवून दाखवला आणि म्हणाले, आता कशाला जाऊ?”

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला उत्तर सुचलं असतं.

१३ नोव्हेंबर

आज मी सांगितलं.

उशीला टेकून ते साखर नसलेलं सफरचंदाचं पाणी पीत होते. सुरुवात मी नसेच्या आवरणाच्या इतिहासापासून केली. ते म्हणाले, “मुद्द्यावर ये.”

“तुमची नस बारीक होती, प्रोफेसर. मी बाहेरून मोजली.”

“कधी कळलं?”

“मोजतानाच.”

ते लालबुंद झाले. मानेच्या शिरा तटतटल्या. पेला माझ्या नव्या सुटावर आला, मागोमाग बशी, मागोमाग माझी आई आणि तिचं अख्खं घराणं. मी मॉनिटरकडे बघत होतो. अठ्ठ्याऐंशी. शिव्या चालू: अठ्ठ्याऐंशी. पेला फुटला: अठ्ठ्याऐंशी. यावर मी प्रमाणपत्र दिलं होतं.

दम लागल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, “बेलग्रेडचं पक्कं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. उलट लिही, की माझ्या शांततेमुळे मी वाचलो.”

“वाचवलं स्तामेंकाने.”

“तिला आभाराचं पत्र देतोय.”

“तिला तिचा वॉर्ड हवा असेल.”

“ज्याची नस दोऱ्याएवढी—” ते म्हणाले, मग थांबले, मग भिंतीकडे तोंड केलं. “जा तू.”

१४ नोव्हेंबर

यागोदाला सगळं सांगितलं. ती मिरच्यांची चटणी बरण्यांत भरत होती. भरत राहिली.

“आता काय करणार?”

“समितीसमोर सगळ्या मोजण्या मागे घेणार. प्राध्यापकी जाईल.”

“आईचीही मागे घेणार?”

“त्यांची बरोबर होती.”

आतून सासूबाईंचा आवाज आला, “ऐकलं मी!”

२१ नोव्हेंबर

बैठक झाली. विभागप्रमुख, उपसंचालक आणि मी धरून चौदा जण. स्तामेंका कोपऱ्यात, निमंत्रित म्हणून.

मी उभा राहिलो आणि सरळ सांगितलं. डायरेक्टरांची नस मी फुगवून मोजली. बाकीच्यांचीही जशी माणसं तशी मोजली. नसेच्या जाडीवरून कोण प्रमुख व्हावा हे ठरत नाही, माझ्या सासूबाई सगळ्यांत जाड आहेत. व्हेगस नसेची सोनोग्राफी कामाची गोष्ट आहे, पण ती आजार शोधायला. आणि तो आजार शोधला गेला होता. मी लपवला. सगळी प्रमाणपत्रं रद्द समजावीत आणि डॉक्टर स्तामेंकांना त्यांचा विभाग परत द्यावा.

शांतता पसरली. खरीखुरी.

मग ग्रादिमिरने विचारलं, “सगळी म्हणजे माझंही?”

“तुझंही.”

“मी चौकट केली आहे.”

त्वचारोगवाल्या बाई म्हणाल्या, त्यांच्या नवऱ्याने नातेवाइकांना कळवलं आहे. बालरोगचे म्हणाले, स्वतःच्या नसेत त्यांना काही खोट वाटत नाही, इतरांच्या पुन्हा मोजायला हरकत नाही. उपसंचालकांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “डॉक्टर, तुमचा आवाज कापतोय. कपाळ ओलं आहे. ही काय अध्यक्षाची लक्षणं आहेत?”

“घाबरलोय मी!” मी ओरडलो. “माणूस मरणार होता!”

“बघा,” ग्रादिमिर दुःखाने म्हणाला.

ठराव मांडला गेला: डॉक्टर वुकाशिन हे सध्या अशांत असल्याने त्यांचं निवेदन ग्राह्य धरू नये, प्रमाणपत्रं कायम राहावीत, समितीचं अध्यक्षपद अधिक स्थिर व्यक्तीकडे द्यावं. बारा हात वर. बैठक उपसंचालक चालवत होते, म्हणून त्यांनी मत राखून ठेवलं. विरोधात माझा हात आणि कोपऱ्यातून स्तामेंकाचा, पण निमंत्रितांना मत नसतं, तो मोजला नाही.

ग्रादिमिर अध्यक्ष झाला. प्रोब कुठल्या बाजूने धरायचा, हे त्याने मला बाहेर येऊन हळूच विचारलं.

मी कॅन्टीनमध्ये जाऊन बसलो. थोड्या वेळाने स्तामेंका आली, दोन कॉफ्या ठेवल्या, समोर बसली. मला वाटलं, आता ती बोलेल, जे बोलायचा तिला पूर्ण अधिकार आहे. तिने माझा हात ओढून घेतला आणि घड्याळाकडे बघत मनगटावर बोटं ठेवली.

“एकशे अठरा,” ती म्हणाली.

“वाईट आहे का?”

“एवढं सगळं झाल्यावर? एवढेच असायला हवेत. मूर्ख आहेस, पण निरोगी आहेस.”

“तुझा वॉर्ड गेला, स्तामेंका.”

“माहीत आहे. ग्रादिमिरवर एकट्याने हार्ट अटॅक सांभाळायची वेळ आली की तो स्वतः खोकं उचलून आणेल माझं. तोवर कुणी मरू नये म्हणून मी खाली तातडीच्या विभागातच बसते.” तिने हात सोडला नव्हता. “एकशे बारा. उतरतायत.”

मी म्हणालो की, तसं बघता हे मोजायला ईसीजीच अधिक नेमकं, शिवाय डावं मनगट घेतल्याने...

“वुकाशिन,” ती म्हणाली, “गप बस आणि श्वास सोड.”

मी सोडला.